नव्या दुभाष्याची परीक्षा



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर 'कंपायलर बसवण्यापूर्वीची परीक्षा' असा विषय वाचून पुष्कळांनी आज घरीच थांबावे आणि उद्याच्या व्याख्यानाला यावे, असे आम्ही गृहीत धरले होते. तरीही मंडप भरलेला दिसतो. याचे श्रेय आम्ही स्वतःकडे घेत नाही. दिवसभर तापलेल्या घरातून संध्याकाळच्या वाऱ्याला बाहेर पडायला सोलापूरकरांना काही तरी निमित्त हवेच असते.

आम्ही विद्वान नव्हे. पुणे रस्त्याने मोहोळकडे निघाले म्हणजे चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. तेथे एका लहानशा शेडमध्ये आम्ही यंत्रमागांवर बसवावयाचे मोजणीयंत्र, म्हणजे काउंटर, तयार करतो. मागावर बाण्याचा एक धागा पडला की काउंटरने एक मोजावा, पाळी संपली की पाळीची बेरीज महिन्याच्या बेरजेत मिळवावी, एवढेच त्याचे काम. पाळी बदलताना मागावर अर्धवट राहिलेली चादर कोणाच्या नावावर घालावयाची, हा जुना तंटा आपल्याला ठाऊक आहे. तो मिटावा म्हणून हे यंत्र. त्यावर विणकराची मजुरी ठरते. म्हणून काम लहान असले तरी त्याला लहान म्हणता येत नाही.

आता कंपायलर म्हणजे काय, ते चादरीवरूनच सांगतो. सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डवर निघते. नक्षीकार चौकटीच्या कागदावर मोर, वेल, कमळ काढतो. परंतु माग काही मोर ओळखत नाही. त्याला कळते ते एवढेच, की या धाग्याच्या वेळी ताण्याचे कोणते धागे वर उचलावयाचे आणि कोणते खाली ठेवावयाचे. म्हणून मध्ये एक माणूस लागतो, जो कागदावरचा एक एक चौकोन वाचून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडतो. नक्षीकाराची भाषा तो मागाच्या भाषेत आणतो. प्रोग्रॅम लिहिणारा तो नक्षीकार, चिप तो माग, आणि मधला पत्ते पाडणारा तो कंपायलर. नुसता शब्दार्थ घेतला तर कंपायलर म्हणजे संकलन करणारा. 1952 साली ग्रेस हॉपर या विदुषींनी अमेरिकेत युनिव्हॅक यंत्रासाठी जो पहिला कंपायलर केला तो खरोखरच तयार तुकडे गोळा करून जोडणारा होता. पुढे काम बदलले, नाव राहिले. आम्ही त्याला दुभाषीच म्हणतो. मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू एकाच गल्लीत नांदणाऱ्या या गावाला दुभाष्याची थोरवी आणि दुभाष्याचा धोका दोन्ही समजावून सांगायला नकोत.

धोका कोणता? पत्ते पाडणाऱ्याने एक भोक चुकवले, तर मोराची मान प्रत्येक चादरीवर त्याच जागी मोडते. पण मालक प्रथम कोणाला बोलावतो? विणकराला. मग नक्षीकाराला. पत्ते पाडणारा आपल्या कोपऱ्यात शांत असतो. कंपायलरचेही नेमके असेच आहे. त्याची चूक त्याच्या नावाने कधी उगवत नाही. ती दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये, दुसऱ्याच्या यंत्रात, दुसऱ्याच्या मजुरीत उगवते. आमच्याकडे ती कशी उगवली, ते सांगण्यासाठी आम्ही येथे उभे आहोत.

आम्ही वापरतो तो कंपायलर जीसीसी या नावाचा. 1987 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी तो प्रथम प्रसिद्ध केला आणि त्याचा मूळ मजकूर सर्वांना खुला ठेवला. कोणीही तो घ्यावा, बदलावा, स्वतः बांधून वापरावा. ही कामे समुद्रापलीकडेच होतात असे मात्र कोणी समजू नये. पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जीसीसीच्या अंतरंगाचा अभ्यास केला आणि तो शिकवलाही. पुण्याच्या केपीआयटीने रेनेसास कंपनीच्या चिपांसाठी जीसीसीवर आधारलेली साधने वर्षानुवर्षे तयार करून दिली. तेव्हा आपण चिंचोळीत एक कंपायलर बांधला तर बिघडले कोठे, असे आम्हाला वाटले.

कारणही होते. आमच्या काउंटरमधली चिप एव्हीआर जातीची, आठ बिटांची, स्वस्त आणि जागेने तोकडी. गिऱ्हाइकाने दोन नव्या सोयी मागितल्या आणि प्रोग्रॅम त्या जागेत मावेना. प्रोग्रॅम आखूड करणारे एक ठिगळ (त्याला पॅच म्हणतात) आमच्या हाती लागले. ते जीसीसीच्या मजकुराला लावून आम्ही नवा कंपायलर बांधला. तो बांधला गेला, चालला, प्रोग्रॅम चिपेत मावला. आमच्याकडचा एक तरुण, नुकताच पदविका घेऊन आलेला, तेव्हा म्हणाला, "सर, बसवण्याआधी मेक चेक करून घेऊ." मेक चेक ही जीसीसीबरोबरच येणारी परीक्षा. आम्ही विचारले, वेळ किती लागेल? तो म्हणाला, सगळी मांडणी करायला दोन दिवस आणि वर एक रात्र. माल सकाळी अक्कलकोट रोडला पोचवायचा होता. आम्ही म्हणालो, चालतोय ना? मग परीक्षा कसली?

काउंटर मागांवर बसले. दीड महिन्याने निरोप आला की एक विणकर मोजणी मान्य करीत नाही. आम्ही गेलो. पद्मशाली समाजातले वयस्क गृहस्थ. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ते मागाच्या चौकटीवर खडूने रेघा मारीत. आपल्या पाळीत जेवढी चादर निघाली तेवढ्या रेघा, अर्धी असेल तर अर्धी रेघ. महिन्याच्या रेघा आणि काउंटर यांत एका चादरीचा फरक. आम्ही त्यांना समजावू लागलो की अण्णा, हे इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे, ते विसरत नाही. त्यावर ते म्हणाले, "यंत्र विसरत नाही साहेब, पण त्याला शिकवणारा विसरला असंल की."

आम्ही शेडवर परतलो आणि त्या तरुणावर घसरलो. शिकवणारा तोच ना! दोन आठवडे आम्ही त्याला रोज एकच सांगत होतो, तुझी बेरीज तपास. तो तपासत होता. कागदावर बेरीज बरोबर होती. त्याचे जेवण कमी झाले, बोलणे थांबले. मग एका सकाळी तो वही घेऊन आला. जेथे जेथे तूट आली होती, तेथे ती 256 किंवा 256 च्या पटीतच होती.

याचा अर्थ थोडक्यात असा. आठ बिटांच्या एका घरात 0 पासून 255 पर्यंतच संख्या मावते. मोठी बेरीज करायची तर चिप ती घराघराने करते आणि, आपण शाळेत करीत होतो तसा, हातचा एक पुढच्या घरात नेते. 200 आणि 100 मिळवले तर पहिल्या घरात 44 उरतात आणि हातचा एक म्हणजे 256. दोन्ही मिळून 300. हातचा ठेवायला चिपेत एकच जागा असते. आमच्या ठिगळाने दोन घरांच्या बेरजांच्या मध्ये दुसरेच एक काम सरकवले आणि त्याने ती जागा पुसून टाकली. हातचा गेला; 300 चे 44 झाले. प्रत्येक धाग्याची मोजणी बरोबर होती. चूक फक्त पाळीची बेरीज महिन्याच्या बेरजेत मिळवताना, तीही हातचा येईल त्याच दिवशी. महिन्याचे 26 दिवस धरा, त्यांपैकी निम्म्या दिवशी हातचा यावा. 13 वेळा 256 म्हणजे 3328 धागे. इंचाला 40 धागे धरले तर सुमारे 83 इंच. जवळपास एक चादर! अण्णांची रेघ.

जुन्या कंपायलरने तोच प्रोग्रॅम बांधला, बेरीज बरोबर आली. मग आम्ही दोन दिवस आणि एक रात्र खर्च केली, जी आधी करावयाची होती. नापासांच्या यादीत अनेक घरांच्या बेरजेची कसोटी होती.

त्या तरुणाची आम्ही सर्वांसमोर क्षमा मागितली. काउंटर परत आणून नवा प्रोग्रॅम भरला, आणि मजुरीतली तूट आमच्या पदरातून द्यावयाची ठरली. अण्णांची देता आली. इतरांच्या बाबतीत गठ्ठ्यांच्या नोंदवहीवरून मागाचा एकूण माल कळला. परंतु दोन पाळ्यांतल्या कोणाचे किती बुडाले ते कळण्याचा मार्ग राहिला नव्हता. ती रक्कम आम्ही निम्मी निम्मी वाटली. तो न्याय झाला असे आम्ही म्हणत नाही.

आता परीक्षेविषयी. कोणी विचारील, कंपायलर बांधताना तो स्वतःची तपासणी करीत नाही काय? करतो, आणि ती गंमत ऐकण्यासारखी आहे. कंपायलर हाही एक प्रोग्रॅम. त्यालाही दुभाषी लागतो. म्हणून संगणकावर आधीपासून असलेल्या कंपायलरकडून नव्याची पहिली पिढी बांधून घेतात. पहिली पिढी त्याच मजकुरावरून दुसरी बांधते, दुसरी तिसरी बांधते. मग दुसरी आणि तिसरी अक्षराला अक्षर लावून ताडून पाहतात. दोघींत फरक निघाला तर काम तेथेच थांबते. युक्ती नामी आहे. परंतु तिने सिद्ध होते ते एवढेच, की कंपायलर आपल्या बोलण्याशी सुसंगत आहे. खोटे बोलणाराही दोनदा तेच सांगू शकतो. युनिक्सचे एक कर्ते केन टॉम्प्सन यांनी 1984 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्यूरिंग पारितोषिकाच्या भाषणात हेच टोकाला नेऊन दाखवले: कंपायलरमध्ये एक लबाडी अशी पेरता येते, की मूळ मजकुरात तिचा मागमूसही उरत नाही आणि तरी ती पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहते. शिवाय आमच्यासारख्यांना ही तीन पिढ्यांची तपासणी मुळात लागूच नाही, कारण आमचा कंपायलर चालतो मोठ्या संगणकावर आणि लिहितो तोकड्या चिपेसाठी.

म्हणून बाहेरचा परीक्षक हवा. मेक चेकमध्ये हजारो लहान लहान प्रोग्रॅम असतात, ज्यांचे उत्तर आधीच ठाऊक आहे. एकट्या सी भाषेच्या तपासण्यांची मोजदाद लाखावर जाते. तोच प्रोग्रॅम साध्या अनुवादाने, मग अधिकाधिक चलाखीच्या अनुवादाने, असा अनेकदा तपासला जातो. कारण दुभाषी चुकतो तो बहुधा चलाखी करताना. आमच्या चिपेसाठी हे प्रोग्रॅम संगणकावर चिपेची नक्कल उभी करून तिच्यावर चालवावे लागतात. दोन दिवस लागतात ते या मांडणीला.

आणि येथे नवशिका हमखास घाबरतो. सकाळी निकाल पाहावा तर 'फेल', 'फेल' अशा ओळी! त्यांतल्या काही कसोट्या तोकड्या चिपेत मावतच नाहीत, त्यांचा दोष कोणावर नाही. काही नापास होणार हे कर्त्यांनाच ठाऊक असते आणि तसा शेरा आधीच मारलेला असतो. उरलेल्यांचे काय करावे? जीसीसीच्या कर्त्यांचा सल्ला असा, की आपल्यासारखीच मांडणी असलेल्या दुसऱ्या कोणाच्या निकालाशी आपला निकाल ताडून पाहा. जे नाव दोन्ही याद्यांत आहे ते जुने दुखणे. जे फक्त आपल्याच यादीत आहे ते आपण घरात आणलेले. आम्ही त्या रात्री केवळ पास-नापास मोजत बसलो असतो तर हजारोंच्या गर्दीत आमची ओळ आम्हाला दिसलीही नसती. ती दिसली ठिगळ न लावलेल्या कंपायलरची यादी शेजारी ठेवल्यावर.

एवढे करूनही खात्री होते काय? नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी सीस्मिथ नावाचे एक साधन केले. ते मनाला येतील तसे प्रोग्रॅम रचते आणि निरनिराळ्या कंपायलरांना देऊन उत्तरे जुळतात का ते पाहते. 2011 साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा नामांकित कंपायलरांत 325 हून अधिक नवे दोष सापडले होते. फ्रान्समध्ये झाव्हिए लरुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉम्पसर्ट नावाचा कंपायलर केला आहे. तो बरोबर अनुवाद करतो हे भूमितीच्या प्रमेयासारखे सिद्ध केलेले आहे. त्या सिद्ध केलेल्या भागात सीस्मिथलाही चुकीचा अनुवाद सापडला नाही. पण प्रमेयाची ही ऐपत आमच्यासारख्या शेडची नव्हे. आम्हाला याद्याच ताडून पाहावयाच्या आहेत.

ते काम आता त्या तरुणाकडे आहे, आणि बसवू नका म्हणण्याचा अधिकारही त्याच्याकडेच. गेल्या महिन्यात त्याने जीसीसीची नवी आवृत्ती बांधली, रात्रभर परीक्षा चालवली आणि सकाळी यादी आमच्या टेबलावर आणून ठेवली. जुन्या यादीत नसलेली दोन नावे तीत होती. प्रोग्रॅम आखूड होत होता, गिऱ्हाईक घाई करीत होते, आणि खरे सांगायचे तर आमच्याही तोंडावर ते जुने वाक्य आले होते. त्या दोन नावांचा उलगडा अद्याप झालेला नाही. आमच्या शेडमध्ये आज जुनाच कंपायलर चालू आहे.