आपली बातमी कोण लिहितो?

(कार्यकर्ता शिबिरात दुसऱ्या दिवशी केलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं दिलं आहे. पाड्यावर वाचून दाखवावं.)



काल दिवसभर आपण सातबारा, एकसाली प्लॉट आणि दंडाच्या पावत्या यांच्यावर बोललो. आज मला वर्तमानपत्रावर बोलायला सांगितलंय. काहीजण म्हणतील, आमच्या पाड्यावर पेपर येतच नाही. आला तर मीठमिरचीच्या पुडीला गुंडाळून येतो, तोही महिन्याचा शिळा. मग त्याची काळजी आम्ही कशाला करायची?

माझं म्हणणं असं आहे, की आपण पेपर वाचत नसलो तरी पेपर आपल्याबद्दल लिहितो. किंवा लिहीत नाही. आणि मुंबई-दिल्लीत बसलेली माणसं त्यावरून आपल्या जंगलाचा, जमिनीचा निर्णय करतात. पेपरचं तोंड बांधलं तर काय होतं, याचा दाखला आपल्याच देशात 1975 ते 1977 या काळात घडलाय. मी तेव्हा मराठी शाळेत होते. पुढं बारावीपर्यंत शिकताना वाचलं, जुन्या कार्यकर्त्यांना विचारलं. त्यातून जे समजलं ते सांगते.

12 जून 1975 ला अलाहाबाद हायकोर्टानं पंतप्रधान इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. विरोधक राजीनामा मागू लागले. 25 जूनच्या रात्री आणीबाणी लागली. जयप्रकाश नारायण, मोरारजी देसाई असे पुढारी रातोरात धरले. आणि त्याच रात्री दिल्लीत ज्या रस्त्यावर मोठ्या पेपरांचे छापखाने होते, तिथली वीज तोडली. सकाळी त्यातले बरेच पेपर निघालेच नाहीत. पंतप्रधानांच्या हातात पोलीस होते, लष्कर होतं, तुरुंग होते. तरी पहिल्याच रात्री छापखान्याची वायर तोडावीशी वाटली. घरात चोरी करायची तर आधी कुत्रं गप्प करावं लागतं, हे आपल्याला सांगायला नको.

मग सेन्सॉर आला. सेन्सॉर म्हणजे काय? पेपरवाल्यानं बातमी छापायच्या आधी सरकारी अधिकाऱ्याला दाखवायची. तो खोडेल ते छापायचं नाही. इंडियन एक्सप्रेसनं 28 जूनला अग्रलेखाची जागा कोरी ठेवली. लोकांना त्या कोऱ्या जागेचा अर्थ बरोबर कळला. तसा तो सरकारलाही कळला, आणि कोरी जागासुद्धा ठेवायची नाही असा हुकूम निघाला. म्हणजे बोलायला बंदी, आणि गप्प बसलोय हे दाखवायलाही बंदी. कुलदीप नय्यर यांच्यासारख्या पत्रकारांना तुरुंगात टाकलं. देशाला बातम्या पुरवणाऱ्या चार संस्था होत्या, त्या 1976 मध्ये एकत्र करून ‘समाचार’ नावाची एकच केली. पेपरांबद्दलच्या तक्रारी ऐकणारी प्रेस कौन्सिल बरखास्त केली. रेडिओ तर सरकारचाच. लोक त्याला ऑल इंदिरा रेडिओ म्हणायचे आणि खरं काय ते ऐकायला रात्री बीबीसी लावायचे.

त्या वेळच्या पेपरात आणि रेडिओवर भूमिहीनांना जमीन वाटप, वेठबिगारी बंद, कर्जमाफी, आगगाड्या वेळेवर, असं सगळं गोड गोड. वीस कलमी कार्यक्रमाचे आकडे रोज. यातले काही कायदे खरोखर चांगले होते. आदिवासींच्या जमिनी परत करायचा आपल्या राज्याचा 1974 चा कायदा नोव्हेंबर 1975 पासून लागू झाला. वेठबिगारीविरुद्धचा कायदा 1976 चा. पण अमुक गावात जमीन कागदावरच परत मिळाली, नांगर अजून सावकाराचाच चालतो, हे लिहायचं कुणी? मंत्र्याचा आकडा छापून यायचा, तो खोटा ठरवणारा माणूस छापून येत नव्हता. तपासणारा नसला की चांगला कायदासुद्धा दप्तरात कुजतो.

आणि लपलं काय? एप्रिल 1976 मध्ये दिल्लीत तुर्कमान गेटजवळ गरिबांची घरं पाडली, गोळीबार झाला, माणसं मेली. पेपरात धड बातमी नाही. नसबंदीची सक्ती झाली. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांच्या वर नसबंद्या झाल्या. मास्तर, ग्रामसेवक, सगळ्यांना कोटा लावला. आपल्या महाराष्ट्रात तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळानं मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून ते राहिलं. खरी बातमी बंद झाली की अफवा सुरू होते. सरकारी जीप दिसली की माणसं रानात पळायची, लसीच्या सुईलाही घाबरायची. तो दोष अडाणी लोकांचा, असं शहाणी माणसं म्हणतात. मी म्हणते, तो दोष ज्यांनी बातमी बंद केली त्यांचा.

आता आपल्या जंगलाची गोष्ट ऐका, कारण ही फारशी कुणी सांगत नाही.

घटनेत कामांच्या याद्या आहेत. काही विषय केंद्राचे, काही राज्याचे, काही दोघांचे. जंगल हा राज्याचा विषय होता. नोव्हेंबर 1976 मध्ये संसदेनं 42 वी घटनादुरुस्ती मंजूर केली. तिच्यात इतर बऱ्याच गोष्टींबरोबर जंगल हा विषय राज्याच्या यादीतून काढून दोघांच्या यादीत घातला. म्हणजे दिल्लीलाही जंगलाचा कायदा करायचा अधिकार मिळाला. त्या वेळी विरोधी पक्षाचे किती तरी खासदार तुरुंगात. पेपरावर सेन्सॉर. सभेला बंदी. जंगलात राहणाऱ्या एका तरी पाड्याला कुणी विचारलं का, की बाबा, तुझ्या जंगलाचा विषय दिल्लीला न्यावा का? विचारायचं सोडा, कुणी कळवलंसुद्धा नाही.

पुढं 1977 मध्ये राज्य बदललं. जनता सरकारनं त्या दुरुस्तीतलं बरंच उलटं फिरवलं, पण जंगल तिथंच राहिलं. मग 1980 मध्ये त्याच अधिकारात वनसंवर्धन कायदा आला. केंद्राच्या परवानगीशिवाय वनजमीन दुसऱ्या कामाला देता येत नाही, असा तो कायदा. आता तुम्ही मला सांगा, 31 मार्च 1978 पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा राज्य सरकारचा जी.आर. घेऊन आपण कचेरीत जायचो, तेव्हा साहेब काय उत्तर द्यायचा? “आमच्या हातात नाही, दिल्लीची परवानगी लागते.” त्या उत्तराचं मूळ ज्या दिवसांत पेपर गप्प होते त्या दिवसांत आहे. जंगल वाचवायला कडक कायदा नको असं मी म्हणत नाही. ठेकेदाराचे ट्रक अडले तर आपल्याला आनंदच आहे. पण ज्याच्या चुलीवर निर्णय व्हायचा, त्याच्या कानावर तो जायला नको का?

याच्या उलट दाखला बघा. 1982 च्या सुमारास नव्या वनकायद्याचा मसुदा सरकारनं तयार केला. फॉरेस्टवाल्यांना आणखी अधिकार, आपल्याला आणखी शिक्षा, असा तो मसुदा. पण या वेळी सेन्सॉर नव्हता. मसुदा वेळेत बाहेर आला. संघटनांनी तो वाचला, अभ्यास केला, पेपरात लेख आले, देशभर आदिवासी भागात सभा-मोर्चे झाले. ते बिल पुढं गेलंच नाही. 1976 आणि 1982 मध्ये जंगल तेच, फॉरेस्टखातं तेच, आपणही तेच. फरक एवढाच, की एकदा कळलं नव्हतं आणि एकदा कळलं.

आणीबाणीत सगळेच पेपर शूर होते असं समजू नका. बरेच मोठे पेपर, ज्यांच्याकडं गाड्या, इमारती, वकील सगळं होतं, ते निमूट बसले. नंतर मंत्री झालेले लालकृष्ण अडवाणी पत्रकारांना म्हणाले, तुम्हाला फक्त वाकायला सांगितलं होतं, तुम्ही तर सरपटायला लागलात. लढले त्यात छोटे पुष्कळ. मुंबईत मिनू मसानींचं ‘फ्रीडम फर्स्ट’ नावाचं छोटं मासिक सेन्सॉरविरुद्ध हायकोर्टात गेलं आणि 1976 मध्ये जिंकलं. सरकारवर टीका करणं म्हणजे देशाला धोका नव्हे, सगळ्यांना एका सुरात गायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे, असा निकालाचा अर्थ. गुजरातेत ‘भूमिपुत्र’ हे सर्वोदयवाल्यांचं पत्र तसंच लढलं. पुण्याला साने गुरुजींचं ‘साधना’ यदुनाथ थत्ते चालवायचे, त्यांनाही सरकारचा जाच झाला. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी मंत्री यशवंतराव चव्हाणांच्या समोर आजारी जयप्रकाशांसाठी लोकांना प्रार्थना करायला लावली. पुढं त्यांना अटक झाली. आणि किती तरी पत्रकं अशाच सायक्लोस्टाईल मशीनवर लपूनछपून निघाली, जशी आपण आपली पत्रिका काढतो. स्टेन्सिल कापायची, शाई लावायची, हात काळे करायचे. त्या काळात हे मशीन घरात सापडलं तर तुरुंग होता.

ज्यांनी पेपर बंद केले त्यांचं पुढं काय झालं? चोहीकडून गोडच ऐकू येत होतं. मार्च 1977 च्या निवडणुकीत उत्तर प्रदेशात 85 पैकी एक जागा काँग्रेसला मिळाली नाही. स्वतः इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. दुसऱ्याचं तोंड बांधणाऱ्याचे आधी स्वतःचे कान जातात.

आता आणीबाणी नाही. मग आपली बातमी नीट येते का? तालुक्याच्या गावचा वार्ताहर घ्या. त्याला पेपर पगार देत नाही, ओळीवर थोडे पैसे देतो. मग तो धंदा करतो, दुकान चालवतो, लाकडाच्या व्यापाऱ्याकडं उठतो-बसतो. बातमी त्याला कुठं मिळते? पोलीस स्टेशनात आणि रेंज ऑफिसात, चहाबरोबर. आपल्या पाड्यावर यायला एस.टी. नाही, चालायला तीन तास. म्हणून नागलीचं उभं पीक जनावरं सोडून तुडवलं, तर बातमी येते, “अतिक्रमण हटवले”. बाया गार्डला जाब विचारायला गेल्या, तर येतं, “जमावाचा हल्ला”. जळणाची मोळी म्हणजे “जंगलतोड”, आणि ट्रक भरून साग गेला तर बातमीच नाही. इथं कुणी सेन्सॉर बसवलेला नाही. तरी खोडलं जातं ते आपलंच.

आणि नवा फास कधी येईल सांगता येत नाही. ऑगस्ट 1988 मध्ये राजीव गांधींच्या सरकारनं बदनामीविरोधी बिल आणलं आणि लोकसभेत घाईनं मंजूर करून घेतलं. ते झालं असतं तर अमुक अधिकाऱ्यानं पैसे खाल्ले असं छापणाऱ्यालाच आरोपी होऊन, स्वतःच ते सिद्ध करत कोर्टात फिरावं लागलं असतं. देशभरचे पत्रकार रस्त्यावर आले, संप केला, आणि सप्टेंबरात सरकारला ते मागं घ्यावं लागलं. या लढाईत आपण पत्रकारांबरोबर असायला हवं. ते आपल्यावर वाकडं लिहीत असले तरीसुद्धा. वाकडं लिहिणाऱ्याशी भांडता येतं. सगळंच बंद झालं तर भांडायचं कुणाशी?

म्हणून काय करायचं, ते सांगते आणि थांबते.

एक, प्रत्येक पाड्यानं एक बातमी लिहिणारा आणि एक वाचून दाखवणारा निवडावा. बाई असली तर उत्तम. दोन, घटना घडली की त्याच दिवशी वहीत लिहायची. तारीख, वेळ, जागा, सर्व्हे नंबर, कोण कोण होतं, गार्डानं काय नेलं, पावती दिली का, पंचनाम्यावर अंगठा कुणाचा. “खूप अन्याय झाला” असं लिहून भागत नाही. “तीन कोयते आणि एक कुऱ्हाड नेली, पावती दिली नाही” असं लिहा. तीन, फुगवायचं नाही. दहा माणसं होती तर शंभर लिहायची नाहीत. आपला एक आकडा खोटा निघाला की पुढचे शंभर खरे आकडे बुडतात. चार, चुकीची बातमी आली तर शिव्या घालून गप्प बसायचं नाही. संपादकाला कार्ड टाकायचं, पाच सह्या-अंगठे घेऊन. छापतील न छापतील, नक्कल आपल्याकडं ठेवायची. पाच, आपली पत्रिकाही तपासायची. संघटनेचा कार्यकर्ता चुकला तर तेही छापून यायला हवं. पुढाऱ्यांचे नुसते पोवाडे यायला लागले तर तुमच्यापैकी कुणी तरी उठून मला विचारा, “बाई, सेन्सॉर कधी बसवला?”

पुढच्या अंकासाठी बातम्या अमावास्येच्या बाजाराच्या दिवशी आपल्या कार्यालयात पोचत्या करा. शाईचे आणि कागदाचे पैसे प्रत्येक पाड्यानं जमवून आणावेत.

संघटना जिंदाबाद! जंगल-जमीन आमच्या हक्काची!