पेन्शनरांची दुपार

पुण्यास पेन्शनरांचें शहर म्हणण्याचा परिपाठ जुना आहे, आणि त्यांत थट्टेचा भाग असला तरी तें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. पहाटे पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्यांत आणि बागेंतील बांकांवर बसून वर्तमानपत्राचीं पानें एकमेकांत वांटून घेणाऱ्यांत सेवानिवृत्त मंडळी पुष्कळ दिसतात. सायंकाळची सोयही या शहरानें पूर्वींच करून ठेविली आहे. न्यायमूर्ति रानड्यांच्या प्रेरणेनें १८७५ सालीं सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आहे, कीर्तनें आहेत, नाटकें आहेत. कांहींच नसलें तर कोणाच्या तरी ओट्यावर राजकारण आहे. प्रश्न उरतो तो दुपारचा.

अकरापासून पांचपर्यंतचे सहा तास नोकरदार मनुष्यानें तीस-पस्तीस वर्षें दुसऱ्यास विकलेले असतात. त्या वेळीं आपलें घर कसें असतें, उन्हाची तिरीप कोणत्या भिंतीवर येते, दाराशीं कोण कोण येऊन जातें, हें त्यास केवळ आजारपणांत किंवा रविवारीं पाहावयास मिळतें; आणि रविवारचें घर हें खरें घर नव्हे, तें त्याच्यासाठीं मांडलेलें घर असतें.

मौज अशी कीं सरकारी नोकराच्या निवृत्तीचा आरंभही दुपारींच होतो. आज्ञापत्रांत अमुक दिनांकास 'मध्यान्होत्तर' सेवानिवृत्त, असे शब्द असतात. ज्या महिन्यांत वय पुरें होतें त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशीं दुपारनंतर मनुष्य मोकळा होतो. जन्मतारीख महिन्याची पहिली असेल तर आधींच्या महिन्याच्या अखेरीस. महाराष्ट्रांत ३१ मे रोजीं निवृत्त होणाऱ्यांची एवढी गर्दी कां, याचें कारण शाळांच्या जुन्या रजिस्टरांत सांपडतें. मुलाची जन्मतारीख आईबापांस ठाऊक नसली कीं गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. त्या एका फटकाऱ्यानें पुढें कित्येक वर्षांनीं त्या मुलाची घरीं परतण्याची दुपार ठरून जाई.

ही दुपार पूर्वींपेक्षां फार लांबली आहे. जर्मनींत बिस्मार्कच्या अमलांत १८८९ सालीं वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला, तेव्हां वयाची अट सत्तरीची होती. ती १९१६ सालीं पासष्टावर आली. सत्तरी गांठणारे त्या काळीं थोडे, त्यामुळें पेन्शन खाणारेही थोडे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरांची मर्यादा १९६२ सालीं पंचावन्नांवरून अठ्ठावन्नांवर आणि १९९८ सालीं साठांवर गेली. पेन्शनचा कांहीं भाग विकून एकरकमी पैसा घेतला, तर तो भाग पंधरा वर्षांनीं पूर्ववत् मिळूं लागतो, असा नियम आहे. म्हणजे निवृत्तीनंतर पंधरा वर्षें जगणें ही अपवादाची गोष्ट नाहीं, हें सरकारनेंही धरून चालावयाचें ठरविलें आहे. पंधरा वर्षांच्या दुपारी मोजल्या तर त्या साडेपांच हजारांच्या घरांत जातात.

एखाद्या हिशेबखात्यांतून निवृत्त झालेल्या गृहस्थाचें घर डोळ्यांपुढें आणावें. निरोपसमारंभ झाला आहे. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचें घड्याळ घरीं आलें आहे. ज्याची वेळेशीं गांठ सुटली त्यालाच घड्याळ कां देतात, कोण जाणे! पहिले पंधरा दिवस राहिलेलीं कामें उरकण्यांत जातात. नळाची गळती थांबते, जुन्या पावत्या फाडल्या जातात, कोंकणांत जाऊन कुलदैवताचें दर्शन होतें. मग एका सोमवारीं गृहस्थ जेवून उठतात, आणि सायंकाळपर्यंत आपणांस आतां कोणी विचारणार नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत येतें.

इतकीं वर्षें कागद तपासण्यांत मुरलेली दृष्टि स्वस्थ राहत नाहीं. ती स्वयंपाकघराकडे वळते. डाळीच्या डब्यावर डाळीचें नांव कां नाहीं? दुधाचा हिशेब कॅलेंडरावर खुणा करून कां ठेवतात, त्यास वही कां नाहीं? तीन शिट्ट्यांत भात होत असतां चौथी शिट्टी कशासाठीं? प्रश्न वाजवी असतात आणि विचारणाराचा हेतूही वाईट नसतो. परंतु जिनें डब्यांवर नांवें न घालतां बत्तीस वर्षांत तुरीच्या जागीं हरभऱ्याची डाळ एकदांही शिजविली नाहीं, तिला तो लेखापरीक्षकाचा शेरा वाटतो.

गृहस्थांस एक गोष्ट दिसत नाहीं. ही दुपार बेवारशी पडलेली नसते. तिला मालक असतो. मंडळी कामावर गेलीं, ओटा पुसून झाला, भांडीं घासणाऱ्या बाईमागें दार लागलें, म्हणजे गृहिणीचा दिवसांतला पहिला स्वतःचा तास सुरू होतो. ती मासिक चाळते, धाकट्या बहिणीशीं फोनवर बोलते, भजनी मंडळांत शिकविलेली नवी चाल गुणगुणून पाहते, किंवा कांहीं न करतां खिडकीशीं बसते आणि तिचा डोळा लागतो. या रजेची कोठें नोंद नाहीं. ती कोणी मंजूर केलेली नाहीं. घर रिकामें असतें म्हणून ती आजवर मिळत आली. आतां घर रिकामें राहत नाहीं. दीडला खुर्ची सरकते. दोनला वर्तमानपत्रांतली बातमी मोठ्यानें वाचून दाखविली जाते. तीनला, कचेरींत शिपाई चहा आणीत असे नेमक्या त्या ठोक्यास, "अगं, चहा होतोय ना?" असा आवाज येतो. बहिणीशीं बोलतांना पलीकडच्या खुर्चींत कोणी ऐकत आहे, एवढ्यानेंच बोलणें आखडतें.

"अहो, आज बँकेंत कांहीं काम नव्हतें का तुमचें?" असें ती एक दिवस सहज विचारते.

"तें तर मंगळवारींच झालें," असें गृहस्थ सरळपणें सांगतात.

प्रश्नाचा अर्थ त्यांस कळत नाहीं. पुढें ती दुपारीं शेजारीं जाऊन बसूं लागते. आणि त्यांस वाटतें, हिला आतां घरांत करमत नाहीं.

येथें थट्टा संपते. जीं दोन माणसें दिवसाचे चार-पांच जागे तास एकत्र असत, तीं एकाएकीं दिवसभर दोन-तीन खोल्यांत येऊन पडतात. उभयतांपैकीं कोणीच कांहीं बोलत नाहीं. पगार थांबला तसा आपला मान गेला, अशी गृहस्थांची समजूत होते, आणि ती मनांत धरून ते अधिकच बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालूं लागतात. वस्तुतः मानाचा येथें संबंध नाहीं. ते दुसऱ्याच्या टेबलाशीं जाऊन बसलेले असतात, आणि टेबलाचा धनी उभा आहे.

आपल्या स्मृतिकारांस ही अडचण दिसली असावी, असें म्हणण्याचा मोह होतो. केंस पिकले, अंगावर सुरकुत्या दिसूं लागल्या, नातवाचें तोंड पाहिलें, म्हणजे गृहस्थानें अरण्याची वाट धरावी, असें मनूनें सांगितलें आहे. पत्नीस मुलांच्या हवालीं करावें किंवा बरोबर न्यावें. उद्योग संपलेला पुरुष भर दुपारीं घरांतच बसून आहे, ही व्यवस्था कांहीं त्याच्या योजनेंत नव्हती. आज अरण्य उरलें नाहीं. पुण्यांत तर दुकानेंसुद्धां दुपारीं एक ते चार बंद ठेवण्याची रीत होती, त्यामुळें बाजारांत वेळ काढण्याचीही सोय नसे.

इंग्रज निबंधकार चार्ल्स लॅम यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरींत तेहतीस वर्षें कारकुनी केली. हिंदुस्थानच्या व्यापाराचे आंकडे मांडण्यांत त्याचें आयुष्य गेलें. १८२५ सालीं तो पेन्शनवर बाहेर पडला आणि त्याच वर्षीं त्यानें या अनुभवावर निबंध लिहिला. एवढें स्वातंत्र्य एकदम हातीं आल्यानें तो प्रथम भांबावतो. पुढें जुन्या सोबत्यांस भेटावयास कचेरींत जातो, तों आपलें टेबल आणि टोपी अडकविण्याची खुंटी दुसऱ्याकडे गेल्याचें त्यास दिसतें. हें दुःख कोणत्याही निवृत्तास ओळखीचें वाटेल. मात्र लॅम अविवाहित होता, आणि निबंधांत तो दिवसा अकरा वाजतां लंडनच्या रस्त्यांतून व जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडतांना आढळतो. कचेरींतली खुंटी गेली हें त्यानें पाहिलें. घरांतील खुंट्यांवर आधींपासूनच कोणाचे पदर आहेत, हा प्रश्न त्याच्यापुढें नव्हता.

निरोपसमारंभांतील वक्ते हटकून महर्षि कर्व्यांचें उदाहरण देतात. अण्णासाहेब कर्वे १९१४ सालीं फर्ग्युसन कॉलेजांतून निवृत्त झाले आणि १९१६ सालीं त्यांनीं महिला विद्यापीठ काढलें, हें खरेंच. पण त्या वक्त्यांनीं एक साल गाळलेलें असतें. अनाथ बालिकाश्रमाची स्थापना १८९६ ची आहे. निवृत्तीनंतरचें काम अण्णासाहेबांनीं निवृत्तीच्या अठरा वर्षें आधींच आरंभलें होतें. साठाव्या वर्षीं पुष्पगुच्छ हातांत घेऊन उभ्या असलेल्या माणसास हें सांगण्यांत कांहीं हंशील नाहीं. तें चाळिशींतल्या श्रोत्यांस सांगावें.

सामान्य पेन्शनरास संस्था काढावयाची नसते, दुपार काढावयाची असते. त्यानें घरांत निरीक्षक म्हणून न जातां उमेदवार म्हणून जावें, हें बरें. कचेरींत नवा मनुष्य आला म्हणजे पहिल्या दिवशीं तो फायलींचे कप्पे बदलीत नाहीं. जुन्या माणसाकडून चार्ज घेतो. घरांत 'मदत' हा शब्द मोठा फसवा आहे. मदत करणारा आपल्या मर्जीनें येतो व जातो; काम ज्याचें त्याच्याच गळ्यांत राहतें. भाजी आणून देणें ही मदत झाली. कोणती भाजी संपली हें ध्यानांत ठेवणें, ती आणणें, निवडणें आणि उरलेल्या देठांची व्यवस्था लावणें हा चार्ज झाला. तीनच्या चहाचा चार्ज घ्यावा, आणि तोही आंतल्या माणसाची झोप न मोडतां. डबा कोणता, साखर कोठें, हें विचारावयाचें नाहीं. डब्यांवर नांवें नाहींत, तीं आठवणींत ठेवावयाचीं.

ही केवळ शिष्टाचाराची गोष्ट नव्हे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. दिवसाकांठीं कांहीं ना कांहीं बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया शेंकडा ८१ होत्या, पुरुष शेंकडा २६; आणि जीं माणसें असें काम करीत होतीं त्यांतही स्त्रियांचा वेळ सरासरी २९९ मिनिटें व पुरुषांचा ९७ मिनिटें भरला. पांच तासांच्या त्या कामास निवृत्तीचें वय नाहीं, आणि त्याचें आज्ञापत्र कोणत्याही मध्यान्होत्तर निघत नाहीं.

ज्या स्त्रिया स्वतः नोकरी करून निवृत्त होतात, त्यांची हकीकत आणखीच निराळी आहे. शिक्षिका किंवा परिचारिका निवृत्त झाली कीं घरच्यांस हायसें वाटतें: आतां आई घरींच! नातवंडांस शाळेंतून आणणें, गॅसवाल्यास दार उघडणें, वडील मंडळींचीं औषधें, असा सगळा कारभार तिच्याकडे मुकाट्यानें वर्ग होतो. पुरुषाला जी दुपार फार होते, ती हिला लाभतच नाहीं. तिच्या निवृत्तीच्या पहिल्या महिन्यांत घरांतील इतरांनीं कामाची नवी वांटणी केली नाहीं, तर ती पुढें होत नाहीं.

कांहीं मंडळी दुपारचा उपाय म्हणून सोसायटीचे चिटणीस होतात. त्यांत वाईट कांहीं नाहीं. फक्त जिन्यावर रोज नवी सूचना लागूं लागली, तर कचेरी घरांतून निघून जिन्यांत बसली, असें समजावें. त्यापेक्षां वाचनालय चांगलें. पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ चें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें. दोन्ही अद्याप आहेत. वर्गणी भरण्यापूर्वीं आपल्या जवळचें वाचनालय दुपारीं उघडें असतें काय, तेवढें पाहावें. आठवड्यांतून दोन-तीन दुपारी गृहस्थ नेमानें बाहेर गेले, तर घरांत फोन मोकळेपणानें होऊं लागतात, आणि सायंकाळीं एकमेकांस सांगण्यासारखें कांहीं उरतें.

एक दुपार मात्र दोघांनीं मिळून घरांतच घालवावी, ती कागदांसाठीं. पुष्कळ घरांत पती वयानें मोठा असतो आणि मागें पत्नी उरते. ज्यानें आयुष्यभर परक्यांचीं प्रकरणें निकालीं काढलीं, त्याच्या पश्चात् त्याच्या पत्नीस पेन्शन पेमेंट ऑर्डर कोणत्या कपाटांत आहे हें ठाऊक नसतें, असें वारंवार घडतें. केंद्र सरकारच्या जुन्या पेन्शनयोजनेंत कुटुंबनिवृत्तिवेतनाचा साधारण दर शेवटच्या मूळ वेतनाच्या तीस टक्के आहे. पेन्शनचें खातें पत्नीसह संयुक्त ठेवतां येतें. १ जानेवारी २००४ पासून केंद्रीय सेवेंत आलेल्यांस निराळे नियम लागू झाले, त्यांनीं आपले कागद निराळे पाहावे. पत्नीचें नांव व जन्मतारीख ऑर्डरमध्यें बिनचूक आहे काय, बँकेच्या पुस्तकांत आणि आधारपत्रावर तेंच नांव तसेंच लिहिलेलें आहे काय, हें तिनें स्वतः वाचून पाहावें. त्यांनीं वाचून दाखवूं नये. ती विचारील ते प्रश्न बहुधा नेमके असतात, कारण घरखर्चाची बेरीज तिच्या हातांत आहे.

हयातीचा दाखला दरवर्षीं नोव्हेंबरांत द्यावा लागतो. २०१४ पासून तो बोटाच्या ठशावरून देण्याची सोय झाली आहे, आणि ऐंशी वर्षांवरील केंद्रीय पेन्शनरांस तो १ ऑक्टोबरपासूनच देतां येतो. ती तारीख दुधाच्या खुणा असलेल्या कॅलेंडरावरच लिहावी. घरांत तें रोज पाहिलें जातें.