फुगवट्याचे माप

आमच्या दिघ्याच्या कारखान्यांत टर्नर वस्तू हातात धरून व्हर्नियरने मापतो. तबकडीसारख्या दीर्घिकेच्या मधला फुगवटा मात्र नुसत्या उजेडावरून मापायचा. त्यात तबकडीचा उजेड मिसळलेला, वर आपल्या हवेने पसरवलेला. पुण्याच्या आयुकातील योगेश वाडदेकर, अजित केंभावी आणि एका सहकाऱ्याने १९९९ साली दोन्ही उजेड वेगळे करण्याची रीत प्रसिद्ध केली. संगणकात दीर्घिका रचायची, हवेचा दोष तिलाही लावायचा, छायाचित्राशी ताडायची, जुळेपर्यंत आकडे बदलायचे.

खटाटोप कशाला? गोलसर फुगवटा बहुधा दीर्घिकांच्या टकरींतून घडतो, चपटा तबकडीतल्याच द्रव्याच्या संथ सरकण्याने. माप चुकले की इतिहासच चुकला. हजेरीपटात एक दिवस चुकल्याने कायम न झालेला माणूस आम्ही पाहिला आहे.

आपल्या आकाशगंगेचा फुगवटा बाजूने भुईमुगाच्या शेंगेसारखा निघाला. दिघ्याच्या दिव्यांत ती आम्हांला दिसत नाही. शेंग तेवढी ओळखीची.