विमानाची वार्षिक तपासणी आणि मालकाचे हात

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



परदेशी जाऊन आलेल्या मनुष्याने संमेलनात चार शब्द सांगावे, असा आपल्या मंडळाचा जुना प्रघात आहे. त्या प्रघातास अनुसरून चिटणीसांनी आज आम्हांस उभे केले आहे. तिकडच्या उंच इमारती, रुंद रस्ते आणि बर्फ यांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत; म्हणून आम्ही त्या वाटेस जात नाही. आमचा जन्म शाळेत मुलांना शिकविण्यात गेला, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. यंत्रशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु २०२३ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेतील ओहायो राज्यात चिरंजीवांकडे मुक्काम असता एका लहान विमानाची वार्षिक तपासणी आम्हांस जवळून पाहावयास मिळाली, आणि तीत थोडा हातभारही लावता आला. त्याविषयीच आज बोलावे असे योजिले आहे.

विमान म्हटले की आपल्यापुढे शे-दोनशे उतारूंचे विमान उभे राहते. हे तसे नव्हे. एक इंजिन, पुढे एक पंखा, आणि चार माणसे बसतील एवढीच जागा. अमेरिकेत अशी विमाने खाजगी मालकीची असतात. सेस्ना १७२ नावाची अशीच एक जात १९५६ पासून बाजारात आहे व तिची ४०,००० हून अधिक विमाने आजवर तयार झाली आहेत. आमच्या चिरंजीवांनी दोन मित्रांसह भागीदारीत एक जुने विमान घेतले आहे. सुटीच्या दिवशी सूनबाई व आमची नात यांस घेऊन ते त्यातून जातात. नात मागच्या आसनावर बसते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे कारण पडणार आहे.

तेथील कायदा असा आहे की, मागील बारा महिन्यांत वार्षिक तपासणी होऊन सही झालेली नसेल, तर ते विमान उडविता येत नाही. हे महिने पंचांगाच्या पानाप्रमाणे मोजतात. १४ मार्च २०२२ रोजी सही झाली असेल, तर तिची मुदत ३१ मार्च २०२३ रोजी संपते. १ एप्रिलपासून विमान जमिनीवरच राहावयाचे. ही सही कोणीही मेकॅनिक करू शकत नाही. विमानाचा सांगाडा व इंजिन या दोहोंचे प्रमाणपत्र किमान तीन वर्षे ज्याच्यापाशी आहे आणि ज्याने तपासणीच्या अधिकाराची वेगळी परीक्षा दिली आहे, त्यालाच तो अधिकार मिळतो. तथापि त्याच कायद्यात असेही म्हटले आहे की, विमान सुस्थितीत ठेवण्याची मुख्य जबाबदारी मालकाची आहे. सही मेकॅनिकची, जबाबदारी मालकाची, अशी ही मांडणी आहे.

मग मालकाने स्वतः हात लावावा की नाही? लावावा, अशी मुभा आहे. वैमानिकाचा परवाना असलेल्या मालकास तेल बदलणे, चाकांच्या बेअरिंगांना ग्रीस भरणे, स्पार्क प्लग साफ करून बसविणे, दिवे बदलणे अशी नेमून दिलेली किरकोळ कामे आपल्या विमानावर स्वतः करता येतात. त्याहून मोठी कामे मेकॅनिकच्या देखरेखीखाली करता येतात. मात्र मेकॅनिक तेथे हजर पाहिजे व काम त्याच्या नजरेखालून गेले पाहिजे. परंतु प्रत्यक्ष तपासणी मदतनिसाने करावयाची नाही. मदतनिसाने उघडावे, पुसावे, काढावे, बसवावे. ‘हे ठीक आहे’ असे म्हणण्याचा अधिकार त्याला नाही. बंधुभगिनींनो, ही एक रेघ आम्हांस त्या सर्व प्रकरणात फार मोलाची वाटली.

आमचे मेकॅनिक सत्तरी गाठलेले, मितभाषी गृहस्थ होते. पहिल्या दिवशी त्यांनी चिरंजीवांशी सर्व बोलून घेतले. कोणते काम मालकाचे, कोणते आपले. त्यांनी पाहिल्यावाचून एकही झाकण परत बसवावयाचे नाही. पंख्यास विचारल्यावाचून हात लावावयाचा नाही. आणि संध्याकाळी हत्यारे मोजल्यावाचून कोणी घरी जावयाचे नाही. एखादा पाना वा पक्कड आत राहिली आणि उडताना सुकाणूच्या तारांत अडकली, तर काय होईल हे सांगावयास नको. पंख्याची गोष्टही तशीच. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोस बॅटरीची गरज नसते; किल्ली बंद असली तरी त्याची तार तुटलेली असेल, तर हाताने पंखा फिरविताच इंजिन पेट घेऊन तो फिरू लागतो.

तपासणीपूर्वी सर्व झाकणे उघडावी व विमान आणि इंजिन स्वच्छ करावे, हे कायद्यातच लिहिलेले आहे. मालकाची खरी मदत होते ती येथे. झाकणे पुष्कळ, त्यांचे स्क्रू त्याहून पुष्कळ, आणि लांबी निरनिराळी. शाळामास्तराचा हात म्हणून आम्हांस पाकिटांवर नावे घालण्याचे काम मिळाले. ज्या झाकणाचे स्क्रू, त्याच झाकणाच्या पाकिटात. आसने बाहेर काढून आम्ही जमिनीचा पत्रा झाडला. पंखांच्या पोटावरील तेल व चिखल चिरंजीवांनी पुसून काढला. मेकॅनिक म्हणाले की, मळ गेल्याखेरीज भेग दिसत नाही, आणि मळ काढण्याचे तास मालकाने दिले की आपले तास पाहण्यासाठी उरतात. यात मालकाचे पैसेही वाचतात, हे उघड आहे.

इंजिन गरम असतानाच त्याच्या चारही सिलिंडरांचा दम पाहिला. आत ८० पौंड दाबाची हवा सोडतात व त्यातली किती टिकते ते दुसऱ्या काट्यावर पाहतात. हवा गळत असेल तर कान लावून ऐकावयाचे. धुराच्या नळीत आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवा आत घेण्याच्या वाटेने आला तर इनटेक व्हॉल्व्ह, तेलाच्या तोंडाशी आला तर पिस्टनच्या रिंगा. नाडीपरीक्षा करणाऱ्या जुन्या वैद्यांची आम्हांस आठवण झाली. तेलाची गाळणी कापून, तिच्या घड्या उलगडून धातूचा कण सापडतो का ते पाहिले. दर सिलिंडरास दोन याप्रमाणे आठ स्पार्क प्लग निघाले. हातून खाली पडलेला प्लग धड दिसला तरी परत बसवीत नाहीत, कारण आतली चिनीमाती तडकली असेल तर बाहेरून कळत नाही. सुकाणूच्या पोलादी तारांवरून मेकॅनिकांनी कापडाचा बोळा फिरविला. तारेचा एखादा पदर तुटलेला असेल तर कापड तेथे अडकते. डोळ्यास न दिसणारे ते कापडास कळते.

तिसऱ्या दिवशी जे घडले ते आता सांगतो. अशा विमानात थंडीच्या दिवसांत ऊब मिळते ती इंजिनाच्या धुराच्या डब्यावरून, म्हणजे मफलरवरून. मफलरभोवती पत्र्याचे एक आवरण असते. बाहेरची हवा त्या दोहोंच्या मधून जाताना तापते व नळीवाटे बसण्याच्या जागेत येते. चिरंजीवांनी ते आवरण सोडविले. आम्ही विजेरी धरली. मेकॅनिकांनी लहान आरसा मागे सरकविला आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी नळीवाटे हवा भरून मफलरवर साबणाचे पाणी लाविले. एका सांध्यापाशी बारीक बुडबुडे उठू लागले. करंगळीच्या नखाएवढी भेग होती, आणि तिच्याभोवती फिकट राखाडी भुकटी जमली होती.

या भेगेतून जो वायू निघतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. प्रथम डोके जड होते, मग झोप येते, आणि वैमानिकास झोप आली म्हणजे सर्वांचेच संपले. चिरंजीव काही वेळ त्या मागच्या आसनाच्या रिकाम्या जागेकडे पाहत उभे राहिले. हिवाळाभर त्यांनी ऊब देणारी कळ ओढली होती.

पुढील प्रसंग अधिक बोलका आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या एका भागीदारास कुटुंबासह प्रवासास निघावयाचे होते. नवा मफलर येण्यास दिवस लागणार होते. ते म्हणाले, ऊब बंद ठेवली म्हणजे आत वायू येणार नाही. आता सही करावी, मफलर मागाहून बदलू. गृहस्थ वाईट नव्हते. घाई झालेल्या मनुष्याची बुद्धी चालते तशीच त्यांची चालली. मेकॅनिकांनी आवाज चढविला नाही. ते म्हणाले की, दोषांची यादी करून, तीवर सही व तारीख घालून ती आपण मालकास देऊ शकतो, कायद्यात तशी सोय आहे. परंतु ‘विमान उडण्यास योग्य आहे’ असे वाक्य आपल्या हातून लिहिले जाणार नाही. शिवाय ऊब बंद केली तरी तप्त धूर इंजिनाच्या कोठडीत सुटतच राहतो, आणि तेथे पेट्रोलच्या नळ्या आहेत. एवढे बोलून ते हात पुसावयास गेले.

चिरंजीवांनी मेकॅनिकांची बाजू घेतली. आम्हांस वाटते, ते नुसते बिल भरणारे मालक असते, तर कदाचित भागीदाराच्याच बाजूस गेले असते. कागदावरच्या दोषाशी वाद घालता येतो. आपल्या डोळ्यांपुढे उठलेल्या बुडबुड्यांशी घालता येत नाही. प्रवास रद्द झाला. मफलर बारा दिवसांनी आला, मेकॅनिकांनी बसविला, पुन्हा साबणाचे पाणी लावून पाहिले, आणि मग नोंदवहीत सही केली. त्या वायूची सूचना देणारे एक लहान यंत्र चिरंजीवांनी विमानात ठेवले आहे.

ओहायोतील डेटन हे राइट बंधूंचे गाव. १७ डिसेंबर १९०३ चा त्यांचा पराक्रम आम्ही कित्येक वर्षे वर्गात शिकविला. परंतु त्या विमानाचे इंजिन त्यांच्या सायकलींच्या दुकानातील चार्ली टेलर नावाच्या कारागिराने सुमारे सहा आठवड्यांत घडविले, हे आम्हांस तिकडे गेल्यावरच कळले. अमेरिकेत २४ मे हा त्याचा जन्मदिवस विमान-मेकॅनिकांचा दिवस म्हणून पाळतात. उडणाऱ्याचे नाव मुलांच्या तोंडी राहते. ज्याच्या हातावर विसंबून तो उडाला त्याचे राहत नाही. आपल्याकडेही लेखणीस मान अधिक आणि पान्यास कमी, असेच चालत आले आहे; आम्ही शिक्षकांनीही त्याला खतपाणीच घातले.

आता कोणी म्हणेल, आपल्यापैकी कोणाच्या दारी विमान आहे? विमान नसेल; पण स्नानगृहात गॅसचा गिझर पुष्कळांकडे आहे. बंद खिडकीच्या लहान स्नानगृहात हाच वायू साचून माणसे दगावल्याच्या बातम्या आपल्याच शहरांतून दर हिवाळ्यात येतात. तो गिझर वर्षातून एकदा जाणत्या कारागिराकडून उघडून पाहिला जातो काय? स्नानगृहास हवा जाण्यास झरोका आहे काय? कारागीर घरी आला असता आपण दुसऱ्या खोलीत वर्तमानपत्र वाचीत बसतो, की विजेरी धरून त्याच्याशेजारी उभे राहतो?

उभे राहावे, असे आमचे सांगणे आहे. त्याच्या कामात ढवळाढवळ करू नये. परंतु जळमटे आपण काढावी, झाकण धरावे, तो काय पाहतो ते पाहावे आणि आपल्या मुलांनाही दाखवावे. आणि तो ‘हे वापरू नका’ म्हणाला, तर लग्नकार्य तोंडावर आले असले तरी ऐकावे.