मोजपट्टी कुणाच्या हातात?

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी अमेरिकेतल्या परीक्षांवर बोलणार आहे. मागं बसलेला एक दोस्त आत्ताच म्हणाला, 'आपल्या वस्तीतल्या शाळेला धड छप्पर न्हाई, आन् तू अमेरिकेचं काय सांगतोस?' सांगतो. 1972 साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं, ते 1966 साली ओकलंडमध्ये काळ्या पोरांनी उभ्या केलेल्या ब्लॅक पँथरवरून. त्यांच्या दहा कलमांतलं पाचवं कलम शिक्षणाचं होतं. आमचा खरा इतिहास आम्हाला शिकवा, ही त्यांची मागणी. नुसती मागणी करून ते थांबले नाहीत. 1973 ते 1982 त्यांनी ओकलंडमध्ये स्वतःची शाळा चालवली. तेव्हा त्यांच्या पोरांचं काय होतं, हा आपला प्रश्न आहे.

तिथं सरकारी शाळा जिल्ह्याजिल्ह्यानं चालतात. हा जिल्हा म्हणजे आपला कलेक्टरचा जिल्हा नव्हे. एखाद्या शहराचा, कधी चार गावांचा मिळून असतो. त्याचं बहुधा निवडून आलेलं मंडळ असतं. पैशाचा मोठा भाग घरपट्टीतून येतो. म्हणजे बंगलेवाल्यांच्या शाळेला पैसा, झोपडीवाल्यांच्या शाळेला खडू. टेक्सासातल्या सॅन अँटोनियोचे गरीब मेक्सिकन आईबाप याविरुद्ध कोर्टात गेले. 1973 साली सुप्रीम कोर्टानं 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं, की ही वाटणी घटनेविरुद्ध नाही. झालं! पैसा वेगवेगळा, पण परीक्षा मात्र सगळ्यांना एकच. एकाला पोटभर जेवण, दुसऱ्याला शिळा तुकडा, आणि दोघांना एकाच वजनकाट्यावर उभं करायचं. मग म्हणायचं, हा वजनात कमी आहे.

ही मोजपट्टी आली कुठून? पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्करानं सैनिकांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. कार्ल ब्रिगहॅम नावाच्या प्रोफेसरानं 1923 साली त्या आकड्यांवर पुस्तक लिहिलं. उत्तर युरोपातला गोरा सर्वांत हुशार, काळा सर्वांत खाली! आपल्याकडं हेच काम मनूनं केलं, पण त्याला आकडे लागले नाहीत. याच ब्रिगहॅमनं 1926 साली कॉलेज प्रवेशाची सॅट परीक्षा तयार केली. 1930 साली तो स्वतःच म्हणाला, माझे निष्कर्ष चुकीचे होते. माणूस मागं फिरला, परीक्षा मात्र पुढं चालत राहिली.

फ्लोरिडात काय झालं बघा. 1970 च्या दशकाअखेर तिथल्या राज्यानं कायदा केला, की ठरावीक परीक्षा पास झाल्याशिवाय बारावीचं प्रमाणपत्र नाही. नापास होणाऱ्यांत काळी पोरं कितीतरी जास्त. डेब्रा पी. या नावानं खटला उभा राहिला. 1979 साली कोर्टानं विचारलं, ही मुलं ज्या वर्षी पहिलीत बसली तेव्हा शाळा कशा होत्या? काळ्यांच्या वेगळ्या, गोऱ्यांच्या वेगळ्या. मग तो वेगळेपणा तुम्ही केला आणि शिक्षा पोरांना? कोर्टानं प्रमाणपत्र अडवण्याला 1983 पर्यंत बंदी घातली. ज्यानं शिकवलं नाही त्याला परीक्षा घेण्याचा हक्क नाही. एवढी साधी गोष्ट कळायला कोर्ट लागलं!

2002 साली केंद्राचा कायदा आला. तिसरी ते आठवी दरवर्षी राज्याची परीक्षा, वर हायस्कुलात एकदा. निकाल वाईट आला तर शाळेवर बडगा. मग मास्तर लोक गोळेबंद उत्तरं घोकून घ्यायला लागले. गाणं गेलं, चित्र गेलं, इतिहास मागं पडला. अटलांटात तर शिक्षकांनी मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्या. 2015 साली त्यात 11 जण दोषी ठरले.

याविरुद्ध लोक उठले. 2013 साली सिएटलच्या गारफील्ड हायस्कूलमधल्या शिक्षकांनी जिल्ह्यानं लादलेली एक परीक्षा घ्यायलाच नकार दिला, आणि त्याच वर्षी ती हायस्कूलवरून उठवावी लागली. न्यूयॉर्कमधल्या काही डझन सरकारी शाळांनी राज्याकडून सूट मिळवली. तिथं मुलगा साहित्यावर निबंध लिहितो, इतिहासावर शोधपत्र लिहितो, विज्ञानाचा प्रयोग करतो, गणिताचा अवघड प्रश्न सोडवतो, आणि चार माणसांपुढं उभं राहून आपलं म्हणणं मांडतो. न्यू हॅम्पशायरात 2015 साली चार जिल्ह्यांनी केंद्राची परवानगी काढली. बहुतेक इयत्तांत राज्याची परीक्षा बंद, त्याऐवजी शिक्षकांनी मिळून तयार केलेली कामं. एका जिल्ह्याच्या मुलाचं काम दुसऱ्या जिल्ह्याचे मास्तर तपासायचे. पुढं तो प्रयोग थांबला. पण जिल्ह्याला पर्याय असू शकतो, हे त्यानं दाखवलं. 2024 साली मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी तर राज्याच्या परीक्षेवर प्रमाणपत्र अडवणंच बंद केलं.

इथपर्यंत टाळ्या वाजवायला सोपं आहे. आता अवघड गोष्ट सांगतो.

2015 साली परीक्षेवर बहिष्कार घालणाऱ्यांना विरोध कुणी केला? नागरी हक्कांच्या डझनभर संघटनांनी! काळ्यांच्या जुन्या लढाऊ संघटनासुद्धा त्यात होत्या. त्यांचं म्हणणं असं: एकच परीक्षा आहे, निकाल वंशावार जाहीर होतो, म्हणून तर शाळा आमच्या पोरांना फसवते हे दिसतं. आकडाच गेला तर फसवणूक झाकली जाईल.

मला हे लगेच पटलं, कारण मी एका तोंडी परीक्षेला उभा राहिलेला माणूस आहे. परीक्षकानं पहिलं आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. विषयातला प्रश्न काही विचारला न्हाई. 20 पैकी 7. त्याच विषयाच्या लेखी पेपरावर माझं नाव नव्हतं, नुसता बैठक क्रमांक होता. तिथं 80 पैकी 68! बैठक क्रमांकाला आडनाव नसतं, मित्रांनो. त्या आंधळ्या कागदानं मला वाचवलं.

आपल्याकडं 2018 साली दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेच्या हातातले 20 गुण काढले, आणि 2019 ला तो 77.10 वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आणले. ते 20 गुण कुणाला सढळ हातानं मिळतात आणि कुणाला मोजूनमापून, हे कुणी जातवार तपासलंय का?

मग मी कुणाच्या बाजूचा? सांगतो. एकच मोजपट्टी पवित्र नाही, आणि गुरुजींची मर्जीही पवित्र नाही. द्रोणाचार्याची कसली लेखी परीक्षा होती? त्याच्या तोंडचा शब्द हाच निकाल, आणि एकलव्याचा अंगठा ही फी!

म्हणून जिल्ह्यांना पर्याय द्या, जरूर द्या. पण आमच्या अटींवर. मुलाचं काम नाव झाकून दुसऱ्या गावच्या शिक्षकानं तपासलं पाहिजे. तोंडी असेल तर समोर बसणाऱ्यांत आमचा माणूस पाहिजे, आणि प्रश्न काय विचारले ते कागदावर पाहिजेत. निकाल तिथं वंशावार, इथं जातवार, उघड टांगला पाहिजे. आणि सगळ्यात आधी, शाळेला काय दिलं याची परीक्षा झाली पाहिजे. किती मास्तर, किती पुस्तकं, किती पैसा. तो पेपर सरकारनं द्यायचा आणि तपासायचा आपण.

नापासाचा शिक्का आजवर पोरांच्या कपाळावर मारला. आता तो शाळा चालवणाऱ्यांच्या कपाळावर मारायची वेळ आली आहे.

उद्यापासून कामाला लागू. प्रत्येकानं आपापल्या वस्तीतल्या शाळेत जायचं आणि गेल्या तीन वर्षांचे अंतर्गत गुण आणि लेखी गुण शेजारीशेजारी लिहून आणायचे. भाषण इथं संपलं. पुढचं बोलणं तुमच्या वह्या करतील.

जयभीम!