विहिरीतली उडी आणि पाण्याचा मार

उन्हाळ्याची सुटी लागली की फुलंब्री, कन्नड, पैठणकडच्या विहिरी पोरांनी गजबजून जातात. पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला पोरगा चार दिवसांत कठड्यावरून उडी घेऊ लागतो. पाणी मऊ, ते काय लागणार, असा समज असतो. हाडांचा डॉक्टर म्हणून या समजाविषयी आज बोलायचे आहे.

५ मीटरवरून पडणारे शरीर पाण्याला टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर असतो. १० मीटरवरून सुमारे ५०. एवढ्या वेगात पाण्याला बाजूला सरायला सवड मिळत नाही. मार कुठे बसणार, हे शरीर कसे टेकले यावर ठरते. पोटावर किंवा पाठीवर आडवे पडल्यास बरगड्या मोडू शकतात, फुप्फुसाला मुका मार बसतो, कधी यकृत किंवा प्लीहा फाटते. कातडीवर मात्र ओरखडाही नसतो. उभे किंवा बसक्या स्थितीत पडल्यास पाठीचा मणका दबतो, पाय तळाला लागले तर टाचेचे हाड मोडते. सर्वांत वाईट सूर मारणाऱ्याचे. डोके तळावर आपटले तर मानेचा मणका मोडून मज्जारज्जू चेपतो आणि हातपाय कायमचे लुळे पडू शकतात.

उन्हाळ्यात धोका दुहेरी असतो. पाणी परसापरसाने खाली जाते, म्हणजे उडीची उंची वाढते आणि खोली घटते. स्पर्धेत १० मीटरवरून सूर मारण्यासाठी तलाव सुमारे ५ मीटर खोल ठेवतात. आपल्या विहिरीत तळाला काळा पाषाण आणि ढासळलेले दगड! पावसाळ्यानंतर भरलेली विहीर मे महिन्यात तीच राहत नाही. म्हणून दोराला दगड बांधून खोली पाहा, पायऱ्यांनी उतरा, सूर मारू नका.

कोणी पडलेच, तर हातपाय धरून ओढू नका. पट्टीच्या पोहणाऱ्याने त्याचे तोंड पाण्यावर ठेवून डोके, मान, पाठ एका रेषेत धरावी. मग बाजेवर किंवा फळीवर बांधून दोरांनी वर घ्यावे. श्वास थांबला असेल तर मात्र वेळ न दवडता बाहेर काढून तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी. पोट दाबून पाणी काढत बसू नये. १०८ला लगेच फोन करावा.

आणि जो स्वतः चालत वर आला, त्याच्याकडेही लक्ष ठेवा. छातीत दुखणे, धाप, पोटदुखी, लघवीत रक्त, हातापायांना मुंग्या यांपैकी काहीही दिसले तर त्याला तत्काळ रुग्णालयात न्या. पाण्याचा मार वरून दिसत नाही.