रांग, सोडत आणि थैली



पत्रिकेत विषय वाचून काहींना नवल वाटले असेल. कामगार संघटनेत हयात घालवलेला मनुष्य अमेरिकेतील शिकारीच्या परवान्यांवर काय बोलणार? बंदूक मी कधी हाती धरलेली नाही. शाळाही माझी लवकर सुटली. जे वाचले ते कामावरून आल्यानंतर रात्री वाचले. परंतु वस्तू थोडी आणि मागणारे पुष्कळ, हा प्रश्न मी कारखान्याच्या फाटकावर वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. तोच प्रश्न दुसऱ्यांनी कसा सोडवला आणि सोडवताना ते कोठे अडकले, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडे शिकारीचा प्रश्न आता उरलेला नाही. संस्थानी काळात ती राजेरजवाड्यांची आणि त्यांच्या पाहुण्यांची चैन होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला आळा घातला. तरी परवान्याची वाट थोडी उघडी होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद केली. हे योग्यच झाले.

अमेरिकेत मात्र वन्य प्राणी ही जनतेची ठेव मानली जाते. किती जनावरे मारली तर कळप टिकेल याचा अंदाज सरकारी खाते घेते आणि तेवढेच परवाने काढते. ज्याला परवाना मिळतो त्याला एक चिठ्ठी मिळते. तिला तेथे ‘टॅग’ म्हणतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. त्याच्या चांगल्या रानातील टॅग थोडे, आणि मागणारे सबंध देशातून येतात. मग द्यायचे कोणाला?

पहिला मार्ग थैलीचा. संरक्षणाच्या कामाला पैसा उभा राहावा म्हणून काही राज्ये एखाददुसरा परवाना लिलावात काढतात. माँटाना राज्यात २०१३ साली रानमेंढ्याच्या एका परवान्याला ४,८०,००० डॉलर आले. दुसरा मार्ग सोडतीचा. न्यू मेक्सिको आणि आयडाहो या राज्यांत मागच्या खेपा मोजत नाहीत; दर वर्षी चिठ्ठ्या नव्याने पडतात. तिसरा मार्ग रांगेचा, आणि आजचा माझा विषय तोच आहे.

वायोमिंगचे उदाहरण घ्या. ज्याला टॅग मिळाला नाही किंवा या वर्षी नकोच आहे, असा परराज्यातील शिकारी एल्कसाठी ५२ डॉलर भरून एक ‘प्राधान्य-गुण’ विकत घेतो. दर वर्षी एक गुण. त्यांच्यासाठी सोडतीत ठेवलेल्या टॅगांपैकी शेकडा ७५ ज्यांचे गुण अधिक त्यांना, आणि शेकडा २५ नुसत्या नशिबावर. टॅग लागला की गुण शून्यावर येतात.

ऐकायला हे न्याय्य वाटते. जो जास्त थांबला त्याला आधी! कामगार संघटनेचा मनुष्य याला नाही कसे म्हणेल? पण जरा हिशेब मांडू. समजा, एका रानाचे दर वर्षी दहा टॅग आहेत आणि रांगेत दोनशे माणसे उभी आहेत. आज येणाऱ्याला वीस वर्षे थांबावे लागेल. दर वर्षी दहा जण सुटतात आणि तीस नवे येतात. पुढच्या वर्षी येणाऱ्यापुढे दोनशेवीस माणसे, म्हणजे बावीस वर्षे. एका वर्षाने मागे राहिला तो दोन वर्षांनी लांब गेला! त्यातच हे गुण एका रानाला बांधलेले नसतात. ज्याला आपले उत्तम रान आवाक्याबाहेर गेलेले दिसते, तो साठवलेले गुण घेऊन तुमच्या मध्यम रानाकडे वळतो आणि तुमच्यापुढे येऊन उभा राहतो. तुम्ही दर वर्षी एक पायरी चढता आणि जिनाही एक पायरी वाढतो. शिकारी याला ‘गुणांचे सरकणे’ म्हणतात. आज पहिला गुण घेणाऱ्या तरुणाला काही रानांचा टॅग या जन्मी मिळणार नाही; तरी खाते त्याचे पैसे घेते.

खात्याचीही बाजू आहे. तेथील वन्यजीव खात्यांचा मोठा खर्च शिकाऱ्यांच्या शुल्कावर आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरील करातून मिळणाऱ्या पैशावर चालतो. तो पैसा राने आणि कळप सांभाळण्यास लागतो. पण काम चांगले आहे एवढ्याने आशा विकणे चांगले ठरत नाही.

आता आपल्या घरी या. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगाराला काम द्यायचे की नाही हे जॉबरच्या हातात असे, आणि दस्तुरी दिल्यावाचून तो हात उघडत नसे. म्हणजे रांग होती, पण ती जॉबरच्या खिशात होती. १९३५ साली बदली कार्डाची पद्धत आली ती ही मक्तेदारी मोडण्यासाठी. १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात ‘शेवटी आला तो आधी जाईल’ हे कपातीचे तत्त्व घातले गेले. सेवाज्येष्ठता ही कामगाराने मिळवलेली वस्तू आहे. ती मालकाची मेहेरबानी नव्हे. तिची किंमत त्याने घामाने दिली आहे, पावती फाडून नव्हे.

आणि सोडत? १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याचे ठरले. २०१२ साली म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली, २०२० साली ३,८९४ घरांची. अर्ज लाखाच्या वर. सोडतीत वशिला चालत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु चिठ्ठीला वय कळत नाही. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याची चिठ्ठी आणि त्याच्या मागे राहिलेल्या वारसाची चिठ्ठी एकाच डब्यात असते. कितीतरी कामगार नंबर लागण्यापूर्वीच गेले. वायोमिंगच्या शिकाऱ्याला टॅग न मिळाला तर एक हौस राहते. आपल्या माणसाचे घर राहते, आणि त्याच्याबरोबर आयुष्य संपते.

म्हणून कोणी तुम्हाला रांगेत उभे केले, मग ती घराची असो, नळाची असो की कायम नोकरीची, तर तीन प्रश्न विचारा. माझ्यापुढे किती माणसे आहेत? दर वर्षी किती सुटतात? आणि उभे राहण्याचे पैसे कोण घेतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे भिंतीवर लावलेली नसतील, तर ती रांग नव्हे, भुलवण आहे. तिसऱ्याचे उत्तर कोणी देत नसेल, तर जॉबर अजून जिवंत आहे असे समजा.

चौथी गोष्ट मी संघटनेचा माणूस म्हणून सांगतो. जंगलातील एल्क हुकमाने वाढवता येत नाहीत; तेथे वाटपाची युक्तीच शोधावी लागते. घरे आणि नोकऱ्या मात्र माणसाच्या हाताने वाढतात. त्यांच्या टंचाईत नुसत्या वाटपावर भांडत बसलो, तर आपण एकमेकांच्या पुढे-मागे सरकत राहू आणि टंचाई जागच्या जागी राहील. रांग सरळ करण्यासाठी भांडा. पण रांगेतल्या माणसांनी एकत्र येऊन, रांग आखूड करण्यासाठी त्याहून अधिक भांडा.